आबांना फोटोतून कळू देऊ नका

या वेळचं पत्र सांगलीहून आलं आहे. लांबलचक आहे, म्हणून थोडक्यात देते.

"ताई, माझ्या लेकीचं लग्न ठरलंय. मुलगा मडगावचा, गोव्यातल्या ख्रिश्चन घरातला. पुण्यात दोघं एकाच कंपनीत आहेत. दोन्ही घरांनी एकमेकांना मनापासून स्वीकारलं आहे. सांगलीत सकाळचा मुहूर्त, आपल्या पद्धतीनं अंतरपाट, अक्षता आणि साधं शाकाहारी जेवण. त्यानंतर आठवड्यानं, नाताळ झाल्यावरच्या शनिवारी, मडगावला त्यांच्याकडचं रिसेप्शन. इथून एक बस आणि तीन-चार गाड्या जातील, साधारण साठ माणसं.

"विहीणबाईंनी फोनवर मोकळेपणानं सांगितलं की त्यांच्याकडे रिसेप्शनला बार असतोच. टेबलावर ट्रे फिरतात, टोस्ट असतो, म्हणजे जोडप्यासाठी सगळे ग्लास उंचावतात. 'तुमच्याकडचे किती जण घेतात, किती घेत नाहीत, सांगाल का?' असंही त्यांनी विचारलं. मला काही उत्तरच देता आलं नाही. माझे थोरले दीर, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, माळकरी आहेत. वारी चुकवत नाहीत. धाकटे दीर दारूपायी पार खचले होते. चार वर्षांपूर्वी व्यसनमुक्ती केंद्रातून बरे होऊन आले, तेव्हापासून थेंबही घेतलेला नाही. आणि माझे दोन-तीन पुतणे-भाचे असे आहेत की फुकटचा बार दिसला की त्यांना आवरणं कठीण.

"ह्यांचं म्हणणं, 'कशाला आधी बोभाटा? तिथं गेल्यावर बघतील ज्याचं तो. फार तर आपल्या घेणाऱ्यांची सोय मागं एखाद्या खोलीत करायला सांगू.' लेक म्हणते, 'आई, लपवण्यासारखं काय आहे, पत्रिकेवरच छाप.' मला दोन्ही पटत नाही. सांगायचं तर कुणाला, कधी, कुठल्या शब्दांत? आणि आधीच काही नातेवाईक कुजबुजतायत, त्यांच्या हातात आणखी एक कोलीत द्यायचं का?"

तुम्ही शेवटी जे लिहिलंत, ते कोलीत, तिथूनच सुरुवात करते. तुमची खरी भीती तीच आहे असं मला वाटतं. बारचं सांगितलं की लोक म्हणणार, "बघा, पोरगी कुठं दिली." म्हणून तो विषय जिभेवर आला की अडकतो. पण कुजबुजणाऱ्यांना कोलीत मिळतं ते लपवलेल्या गोष्टीतून. तुम्ही स्वतः, आपल्या घरात बसून, सरळ आवाजात सांगितलेल्या गोष्टीची कुजबुज करायला उरतच काय? तेव्हा सांगायचं, हे नक्की. सगळ्यांना सांगायचं, आधी सांगायचं. फक्त सगळ्यांना एकाच तोंडानं सांगायचं नाही.

हे मी इतक्या ठामपणे का म्हणते, त्याला आमच्या घरातली एक आठवण कारण आहे.

माझ्या भाच्याच्या रिसेप्शनला मी घरातली मोठी म्हणून सगळीकडे पुढे होते. हॉटेलच्या लॉनवर कार्यक्रम, एका बाजूला बार. पाहुण्यांना सांगायचं की नाही यावर आमच्याकडेही हेच झालं होतं, "कळेल त्यांना तिथं." माझा मामेभाऊ आला होता. नऊ वर्षं त्यानं दारूला हात लावलेला नव्हता. दर आठवड्याला अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगला जायचा. वेटर ट्रे घेऊन फिरत होता. उंच ग्लास, आत केशरी रंगाचं काहीतरी, कडेला संत्र्याची चकती. तसेच दोन ट्रे फिरत होते, एकात नुसता रस आणि एकात व्होडका घातलेला रस. ग्लास सारखेच. त्यानं एक उचलला, एक घोट घेतला आणि तसाच थांबला. तो घोट त्यानं गिळला नाही. मी समोरून बघत होते. तो शांतपणे हात धुवायच्या बेसिनकडे गेला आणि चूळ भरत राहिला. एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा. मग बाजूला जाऊन फोनवर कुणाशी तरी बराच वेळ बोलला आणि न जेवता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. तो चिडला नव्हता. एवढंच म्हणाला, "अक्का, मला फक्त सांगायचं होतंस. मी सकाळी अक्षता टाकून, जेवून, आनंदानं घरी आलो असतो. संध्याकाळी यायचंच असतं तर बायकोला शेजारी बसवून, घरचं पाणी घेऊन आलो असतो." लग्नाला या म्हणून त्याला मीच घरी जाऊन आग्रह केला होता, आणि त्याला काय माहीत असायला हवं याचा मी विचारच केला नव्हता. ते मला अजून लागतं.

तुमच्या धाकट्या दिरांचं वाचलं आणि मला तो बेसिनचा नळ आठवला. म्हणून सगळ्यांत आधी त्यांच्याबद्दल.

त्यांना एकट्याला भेटा, किंवा त्यांच्या बायकोला सोबत घेऊन. शक्यतो तुम्ही स्वतः, कारण भावा-भावांत असे विषय कधीकधी अवघडतात. म्हणा, "भाऊजी, मडगावच्या रिसेप्शनला बार असणार आहे. टेबलाशी ट्रे येतील. तुम्ही आलात तर मला फार बरं वाटेल, नाही आलात तरी मला पूर्ण समजेल. सांगलीतल्या लग्नात तुमचा मान तसाच आहे. यायचं झालं तर तुम्हाला काय सोयीचं पडेल ते सांगा." मग गप्प बसा आणि त्यांना बोलू द्या. त्यांच्या वतीनं तुम्ही ठरवू नका. "तुम्ही नकाच येऊ, उगाच त्रास" हेही म्हणू नका. चार वर्षं ज्या माणसानं रोज स्वतःला सांभाळलंय, त्याला आपण कुठं बसावं हे कळतं. त्याला हवी असते ती माहिती, आणि वेळ.

ते येणार असतील तर आणखी दोन गोष्टी सांगून ठेवा, कारण त्या सांगलीच्या माणसाच्या लक्षात येणार नाहीत. गोव्यातल्या लग्नाचा केक बहुतेक वेळा सुक्यामेव्याचा असतो आणि तो मेवा रममध्ये भिजवलेला असतो. त्याचे तुकडे सगळ्या पाहुण्यांना वाटतात. दुसरं म्हणजे सन्ना. दिसायला आपल्या इडलीसारख्या, चवीला किंचित गोडसर. जुन्या पद्धतीत त्यांचं पीठ माडाच्या सुरेनं फुगवतात, हल्ली पुष्कळ ठिकाणी यीस्ट घालतात. हे विहीणबाईंना विचारून घ्या. या दोन्ही गोष्टी आबांच्याही कामाच्या आहेत. माळ घातलेला माणूस इडली समजून सन्ना खाईल आणि मागून कुणीतरी हसत सांगेल की यात ताडी असते, असं होता कामा नये. त्याच्या व्रताशी तो खेळ होईल.

आता आबा. त्यांच्याकडे फोनवर नको. पत्रिका द्यायला जाल तेव्हा दोघंही जा. कुंकू-अक्षता लावून पत्रिका हातात द्या, चहा होऊ द्या आणि मग सांगा. तुमच्या ह्यांनी सांगितलं तर उत्तम, धाकट्या भावानं थोरल्याला विश्वासात घेतल्यासारखं होईल. शब्द साधे असू देत. "आबा, मडगावला त्यांच्या पद्धतीचं रिसेप्शन आहे. त्यात गाणं-बजावणं असतं, केक कापतात, जेवण उशिरा असतं आणि त्यांच्याकडे मद्यही असतं. तुमच्यापासून लपवून न्यायचं आम्हाला पटलं नाही. तुम्ही आलात तर तुमच्यासाठी बारपासून लांबचं टेबल आणि साडेआठला वेगळं शाकाहारी पान असेल. नाही आलात तर सांगलीतल्या मांडवात आशीर्वाद आहेतच."

आबा काय म्हणतील मला माहीत नाही. चिडतीलही. पण नीट विचार करा, तुम्ही सांगितलं नाहीत आणि ते आले नाहीत, तरी त्यांना कळणारच आहे. त्याच रात्री साडेअकराला कुणीतरी टोस्टचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकेल. नवरा-नवरी मध्ये, हातात ग्लास. दुसऱ्या दिवशी सकाळी नातू तो आबांना दाखवेल. आपल्या पुतणीच्या हातातला तो ग्लास आबांनी पहिल्यांदा मोबाइलच्या पडद्यावर बघावा, आणि त्याआधी कुणीही त्यांच्याशी एक शब्द बोललेलं नसावं, ही खरी अवहेलना आहे. बारचं दुःख ते पचवतील. आपल्याला घरात कुणी धरलंच नाही, हे नाही पचणार.

तुम्ही "दारू" हा एकच शब्द सगळीकडे वापरलात. तो आपल्याकडे जड आहे, आणि उगाच नाही. आपल्या गावांत दारू म्हणजे मोडलेलं घर. बायकांनी मतदान करून गावातलं दुकान बंद पाडायचं, "बाटली आडवी करायची", ही आपल्याच महाराष्ट्रातली लढाई आहे. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. हा इतिहास आपल्या माणसांच्या हाडात आहे आणि त्याचा मला आदर आहे. विहीणबाईंच्या घरात मात्र वाइन वेदीवरही असते. टोस्टला त्यांच्याकडची आजीसुद्धा छोटा ग्लास उचलते, दोन घोट घेते, आणि त्यात कुणालाच वावगं वाटत नाही. काजूची फेणी ही तिथल्या मातीतली गोष्ट आहे, २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. हे आपल्या पाहुण्यांना आधी कळलं, तर आजीच्या हातातला ग्लास बघून ते टक लावणार नाहीत. साठ माणसांनी वरमाईच्या हाताकडे बघत राहावं, यानं तुमच्या लेकीला तिच्या नव्या घरात पहिल्याच दिवशी किती अवघडायला होईल!

म्हणून माझा आग्रह असा, की बारची बातमी एकटी सांगू नका. एकटी सांगितली की ती कबुली वाटते. संध्याकाळ सगळी सांगा. आदल्या दिवशी त्यांच्याकडे रोस असतो, वधू-वराला नारळाचं दूध लावतात, आपल्या हळदीसारखंच. रिसेप्शनला जोडपं वाजतगाजत आत येतं. केक कापतात. मग कुणीतरी वडीलधारा माणूस जोडप्याबद्दल चार शब्द बोलतो आणि टोस्ट म्हणतो, तेव्हा सगळे उभे राहून ग्लास उंचावतात. मग नाच, बँड, आणि जेवण आपल्या सवयीपेक्षा बरंच उशिरा. या सगळ्यात बारही आहे. असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक घर उभं राहतं, नुसती बाटली उभी राहत नाही.

टोस्टबद्दल आपल्या माणसांच्या मनात एक धास्ती असते, ती आधीच काढून टाका. टोस्टला प्यायलाच हवं असं काही नाही. ग्लासात कोकम सरबत असो, संत्र्याचा रस असो, साधं पाणी असो, उभं राहून उंचावलं की झालं. टोस्टच्या थोडं आधी वेटर टेबलांवर वाइन ओतत फिरतात, तेव्हा "मला ज्यूस" एवढं म्हटलं की पुरे. त्यात यजमानांचा अपमान होत नाही. आणि विहीणबाईंना आत्ताच विचारून ठेवा की त्या वेळी मुलीच्या बाजूनं कुणी बोलायचं असतं का. ऐनवेळी तुमच्या ह्यांच्या हातात माईक आणि दुसऱ्या हातात वाइन आली, तर बिचारे गोंधळतील.

आता पत्रिका. लेकीला प्रेमानं नाही म्हणा. वर "श्री गजानन प्रसन्न", कुलस्वामिनीचं नाव, आणि खाली बारची सूचना, हे डोळ्यांना बरं दिसत नाही. शिवाय पत्रिका देवापुढे ठेवतात, घरात जपून ठेवतात. पण लेकीचं मूळ म्हणणं, की लपवण्यासारखं काही नाही, ते अगदी बरोबर आहे आणि ते तिला तसं सांगा. आपल्याकडे पत्रिकेतून पाहुण्याला आधी कळवण्याची रीत आहेच. "कृपया आहेर आणू नये" आपण छापतोच की. का छापतो? पाहुणा पाकीट घेऊन दारात येऊन अवघडू नये म्हणून. बारचं आधी सांगणं हेही त्याच जातीचं अगत्य आहे, फक्त त्याची जागा वेगळी. मडगावला येणाऱ्या साठ जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप तुम्ही बसच्या निमित्तानं करणारच आहात. निरोप तिथं टाका, साधारण तीन आठवडे आधी, म्हणजे ज्याला बेत बदलायचाय त्याला बदलता येईल. मात्र आबा आणि धाकट्या दिरांशी बोलणं झाल्यावरच. त्यांना ग्रुपवरून कळलं तर प्रत्यक्ष भेटीला काही अर्थ उरणार नाही.

निरोप असा काहीतरी लिहा:

"सर्वांना नमस्कार. मडगावचं रिसेप्शन शनिवारी संध्याकाळी साडेसातला सुरू होईल. आधी जोडप्याचं आगमन, केक आणि टोस्ट, मग नाच-गाणी. बुफे साडेनऊच्या पुढे असेल. लहान मुलं, ज्येष्ठ मंडळी आणि औषधं असणाऱ्यांसाठी साडेआठला वेगळ्या टेबलांवर शाकाहारी जेवणाची सोय आहे. यजमानांच्या पद्धतीप्रमाणे कार्यक्रमात मद्य असेल. न घेणाऱ्यांसाठी वेगळी टेबलं आहेत, तिथं फक्त सरबतं आणि ज्यूस येतील. केकमध्ये रम असते. शनिवार पाळणाऱ्यांनी आणि ज्यांना वेगळं टेबल हवं आहे त्यांनी मला खासगीत कळवावं, म्हणजे तशी व्यवस्था सांगता येईल."

शनिवारचा उल्लेख मी मुद्दाम केला. आपल्याकडे एरवी सगळं चालणारे कितीतरी जण शनिवार कडक पाळतात, हे मडगावच्या माणसांच्या ध्यानात येण्याचं कारण नाही. आणि "खासगीत" हा शब्द गाळू नका. ग्रुपवर "कोण कोण घेणार, हात वर करा" असं कधीही विचारू नये. कुणाचे सासरे त्या ग्रुपवर असतात, कुणाची बायको असते, कुणी सोडलेली असते आणि ते कुणालाच सांगितलेलं नसतं. तुम्हाला नावं नकोच आहेत. विहीणबाईंनाही नकोत. त्यांना विचारायचंय ते एवढंच की बारशिवायची टेबलं किती लावू. खासगीत आलेल्या उत्तरांवरून अंदाज बांधा आणि त्यांना सांगा, "साठातली पंचवीस-तीस माणसं न घेणारी धरा, त्यांच्या टेबलांकडे ट्रे नको. आणि ज्यूसचे ग्लास वेगळ्या आकाराचे ठेवायला सांगाल का?" शेवटचं वाक्य विसरू नका. सारख्या ग्लासांनी काय होतं ते मी पाहिलंय. पदार्थांपुढे पाट्या लावायलाही सांगा, कशात कुठलं मांस आहे ते लिहून. त्या विचारायलाच फोन करतायत, म्हणजे मनानं उमद्या आहेत. तुम्ही संकोच केलात तर त्यांना वाटेल की तुम्हाला त्यांचं घर खटकतंय.

तुमच्या ह्यांची मागच्या खोलीची कल्पना मात्र सोडून द्या, अगदी हात जोडून सांगते. ती खोली आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. कधी कार्यालयाची गच्ची असते, कधी उघडी डिकी, कागदी पेले, सोड्याची बाटली, शेंगदाण्याची पुडी. मांडवात कुणीतरी कुणाच्या कानाशी लागून विचारतं, "सोय कुठाय?" आणि एक-एक करून पुरुष नाहीसे होतात. बायका ताटकळतात, पंगत खोळंबते, मुलं पेंगतात. लपून प्यायचं म्हणून घाईनं पितात आणि घाईनं पितात म्हणून जास्त पितात. मडगावला उघडा, नीट बार असताना आपल्याच माणसांसाठी लपायची खोली मागणं, म्हणजे विहीणबाईंना असं सांगणं की तुमच्या घरात जे उजळ माथ्यानं चालतं ते आमच्या मते चोरून करण्याजोगं आहे. तुमच्या ह्यांना असं म्हणायचं नाही, मला खात्री आहे. पण ऐकणाऱ्याला तसंच ऐकू जाईल.

पुतण्या-भाच्यांचं काय? त्यांच्यासाठी ग्रुपवर उपदेश लिहू नका, सगळ्यांचाच मूड जातो. ज्यांचं नाव मनात आहे त्यांच्याशी त्यांच्या वयाच्या, ते ज्याचं ऐकतात अशा कुणीतरी बोलावं. एखादा थोरला मावसभाऊ, थेट शब्दांत: "आपण तिच्या सासरी पहिल्यांदा चाललोय. तिची मान खाली जाईल असं करायचं नाही." बहुतेक पोरं एवढ्यानं सावरतात. जो सावरणार नाही असं तुम्हाला आजच वाटतंय, त्याला बसमध्ये तुमच्या शेजारची सीट द्या आणि हॉलमध्ये तुमच्याच टेबलाची खुर्ची. आणि एकवीस वर्षांखालच्या मुलांच्या आईवडिलांना आधीच सांगून ठेवा, गोव्यात वयाची अट एकवीसची आहे. पाहुण्यांच्या पोराला नाही म्हणायची वेळ तिथल्या बारटेंडरवर का यावी?

गाड्यांचं मात्र ग्रुपवर स्पष्ट लिहा, इथं आडपडदा नको. जो गाडी चालवणार तो घेणार नाही. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं की गुन्हा होतो. पहिल्या वेळीही दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि कायदा सोडा, रात्री आंबोलीचा घाट आहे. शक्य असेल तर रात्री निघूच नका, मुक्काम करा. बसच्या ड्रायव्हरला आठलाच जेवायला वाढायला सांगा, त्याला झोपायला खोली द्या, आणि "घे रे एक, पोरीचं लग्न आहे" असा आग्रह त्याला कुणी करणार नाही याची जबाबदारी एका माणसावर सोपवा.

परतीचंही एक सांगून ठेवते, कारण हे दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या वऱ्हाडात होतं. गोव्यात बाटली स्वस्त मिळते, म्हणून निघताना कुणीतरी पिशवीत चार-सहा टाकतं. परवान्याशिवाय गोवा बनावटीची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. बांद्याजवळ इन्सुलीला उत्पादन शुल्क खात्याचा नाका आहे, तिथं बस थांबवून सीटखाली बघतात. माल जातो तो जातोच, बसही अडकून पडते, आणि आतमध्ये आबा, लहान मुलं, हिरवा चुडा भरलेल्या बायका बसलेल्या असतात. सोमवारी पेपरात "वऱ्हाडाच्या बसमधून" अशी बातमी यावी असं कुणालाच वाटत नाही. निघण्याच्या आदल्या रात्री एक ओळ टाका: "परतताना कुणीही सोबत बाटली आणू नये. सापडली तर बस अडकेल." एवढं पुरे.

कुणी विचारेल, हे सगळं मुलाकडच्यांनी सांगायचं की आपण? कार्यक्रम त्यांचा आहे, खर्चही त्यांचा. पण ही साठ माणसं तुमच्या शब्दावर येतायत. आमंत्रण ज्याच्या तोंडून गेलं त्यानंच सांगायचं. विहीणबाईंनी तुम्हाला सांगितलं, तिथं त्यांचं काम झालं. त्यांनी स्वतः आबांना फोन करावा अशी अपेक्षा ठेवू नका आणि त्यांच्या आडूनही सांगू नका, "त्यांच्याकडे असतं बाई, आम्ही काय करणार?" असं. त्या वाक्यानं तुम्ही सुटाल, पण लेकीचं सासर पाहुण्यांच्या नजरेत एक पायरी खाली जाईल.

आणि लेकीशी एकदा निवांत बसा. टोस्टला ती ग्लासात काय घेणार, हे तिचं तिनं ठरवू द्या, ती मोठी आहे. पण जे ठरवेल ते तिनं स्वतः जाऊन आबांना सांगावं असं मला वाटतं, तुमच्या पत्रिका देऊन झाल्यावर, एकटीनं. तिला लहानपणी वारीतल्या गोष्टी सांगणारे तेच आबा असतील. तिच्या तोंडून ऐकलं, तर ते तिला काय उत्तर देतील ते त्या दोघांतलं राहील.

पत्रिका छापून आल्या की थांबू नका. त्याच आठवड्यात आबांकडे जा. फक्त एकादशी नाही ना, ते कालनिर्णयात बघून जा, म्हणजे जाऊबाईंना चहाबरोबर चार घास खायलाही करता येईल आणि तुम्हाला उठायची घाई होणार नाही.